सोल्डरची विषबाधा: पहिल्या पाच मिनिटांपासून महिन्याभराने होणाऱ्या रक्ततपासणीपर्यंत

ताईचा मुलगा तेव्हा १६ महिन्यांचा होता. मी जुना रेडिओ उघडून बसले होते. दाराची बेल वाजली म्हणून उठले आणि परत येते तो हा टेबलाखाली बसून काहीतरी चघळतोय. तोंड उघडून पाहिलं, जिभेवर सोल्डरच्या, म्हणजे वायरी आणि भाग जोडायला वितळवतात त्या धातूच्या, तारेचा करडा तुकडा. तो काढला. आणखी किती पोटात गेले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कोणतं सोल्डर?" मी म्हटलं, "साधंच." "शिशाचं की बिनशिशाचं? आत फ्लक्स कोणता आहे?" (फ्लक्स म्हणजे जोड पक्का बसावा म्हणून धातू साफ करणारा पदार्थ. तो तारेच्या आत भरलेला असतो किंवा बाटली-डबीत वेगळा मिळतो.) रिळावरचं लेबल मी कधीच फाडून टाकलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ताई मुलाला घेऊन तिथे बसली आणि मी घरी धावले, कचऱ्याच्या डब्यात लेबल शोधायला. त्या दीड तासात मला पक्कं कळलं की "साधं सोल्डर" हे उत्तर डॉक्टरांच्या काहीच कामाचं नसतं. या एका शब्दाखाली निदान डझनभर वेगवेगळे पदार्थ येतात, आणि प्रत्येकाचा धोका वेगळा, वेळ वेगळी, उपचार वेगळा.

नव्याने सोल्डरिंग शिकणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. त्या दिवसानंतर विषबाधा पाहणाऱ्या डॉक्टरांना जे विचारलं, जे वाचलं आणि जे स्वतः निभावलं, ते क्रमाने मांडते. अपघात आत्ता, या क्षणी घडला असेल तर फक्त पायरी १ आणि २ वाचा आणि फोन लावा. बाकीचं नंतर.

१. आधी माणूस बघा

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी कोणतं सोल्डर, किती गेलं याचा विचार करत बसू नका. थेट रुग्णवाहिका बोलवा.

- शुद्ध हरपली आहे, किंवा हाक मारल्यावर नीट प्रतिसाद नाही
- झटके येत आहेत
- श्वास घ्यायला त्रास, श्वासात शिट्टीसारखा आवाज, ओठ निळसर
- लाळ सतत गळते आहे, गिळता येत नाही, ओठ किंवा जीभ भाजल्यासारखी दिसते
- उलटीत रक्त
- डोळ्यात वितळलेलं सोल्डर किंवा आम्ल असलेला फ्लक्स उडाला आहे (इथे फोन दुसऱ्याने करावा, तुम्ही डोळा धुवायला लागा)

मदतीला जाण्याआधी सोल्डरिंग आयर्नचा (सोल्डर वितळवणाऱ्या विजेच्या तापत्या हत्याराचा) प्लग काढा. बंद खोलीत धूर कोंडला असेल तर आधी दार-खिडक्या उघडा किंवा माणसाला बाहेर आणा. आत थांबून मदत करू नका. बेशुद्ध माणसाचा श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. कसं करायचं ते रुग्णवाहिकेच्या फोनवरची व्यक्ती सांगते, म्हणून फोन स्पीकरवर ठेवा.

२. विष कुठून गेलं, त्यावर पहिली दहा मिनिटं

*पोटात गेलं असेल तर.* तोंडात जे डोळ्यांना दिसतंय ते काढा. दिसत नसलेल्या तुकड्यासाठी घशात बोट घालून चाचपू नका, तो आणखी आत सरकतो. ओल्या फडक्याने ओठ, जीभ, हिरड्या पुसा. मोठा माणूस असेल तर त्याला चूळ भरून थुंकायला सांगा. मुलाचे हातही लगेच साबणाने धुवा, कारण पुढच्याच मिनिटाला तीच बोटं पुन्हा तोंडात जाणार असतात.

उलटी करायला लावू नका. घाबरलेल्या घरात सगळ्यात आधी कुणीतरी हेच सुचवतं, आणि यानेच अनेकदा जास्त नुकसान होतं. फ्लक्समध्ये आम्ल असेल तर ते अन्ननलिकेला जाताना एकदा भाजतं आणि वर येताना दुसऱ्यांदा. अल्कोहोल असलेला पातळ फ्लक्स उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर तिथे सूज येते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतं, कारण रक्तातलं मीठ एकदम वाढतं. आम्लावर उतारा म्हणून सोडा पाजणंही चूक आहे. त्याने उष्णता आणि वायू तयार होतो, आणि तोही त्याच भाजलेल्या पोटात.

मग पाणी द्यावं का? माणूस पूर्ण शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल आणि उलटी होत नसेल तर एक-दोन घोट. त्यापुढे काहीही द्यायचं ते विष-माहिती केंद्राला किंवा डॉक्टरांना विचारूनच. कदाचित दुर्बिणीने तुकडा काढावा लागेल, तेव्हा पोट भरलेलं नसलेलं बरं. सुस्ती, झटके किंवा उलट्या असतील तर तोंडाने काहीच देऊ नका.

आणि एक गोष्ट कृपा करून तपासा: टेबलावरची बटण-बॅटरी जागेवर आहे का? ज्या टेबलावर सोल्डर असतं तिथेच घड्याळातली, रिमोटमधली ती छोटी चकती पडलेली असते. मुलाने सोल्डर गिळलं असं आपण समजतो आणि गेलेली असते बॅटरी. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल जखम करू शकते. शंका जरी असली तरी "बघू थोडा वेळ" म्हणू नका. छोटी चुंबकं एकापेक्षा जास्त गेली असतील तरीही तसंच.

*डोळ्यात.* वाहत्या, सोसेल अशा पाण्याने घड्याळ लावून १५ ते २० मिनिटं धुवा. बाधित डोळा खालच्या बाजूला ठेवा, नाहीतर धुतलेलं पाणी चांगल्या डोळ्यात जातं. पापण्या बोटांनी उघड्या धरा, कारण डोळा आपोआप घट्ट मिटतो आणि नुसती पापणी धुतली जाते. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. धातूचा कण चिकटला असेल तर तो खरवडू नका, घरातले कुठलेही थेंब घालू नका. धुतल्यावर बरं वाटलं तरी नेत्रतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.

*कातडीवर.* वितळलेला थेंब पडला तर आधी तो भाग २० मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. थेंब गार होऊन चिकटला असेल तर ओढून काढू नका, खालची कातडी सोलून निघते. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज यायच्या आत उतरवा. बर्फ, टूथपेस्ट, तेल यांतलं काहीही लावू नका. फ्लक्स सांडला असेल तर भिजलेले कपडे उतरवा आणि भरपूर पाण्याने धूत राहा.

चांदीच्या जोडकामात वापरतात त्या फ्लक्समध्ये बहुतेकदा फ्लोराइड असतं. त्याचा चटका फसवा असतो. सुरुवातीला जेमतेम लालसर दिसतं, खरी कळ काही तासांनी सुरू होते, आणि तोवर फ्लोराइड आत उतरलेलं असतं. तिथे धुणं पुरेसं नाही. डॉक्टर कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लावतात, पण त्यासाठी "फ्लोराइडचा फ्लक्स होता" हे त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

*श्वासातून.* मोकळ्या हवेत आणा, बसतं ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा. दमा असेल तर नेहमीचा इनहेलर द्या. आणि धूर किती वाजता छातीत गेला ती वेळ लिहून ठेवा. ती वेळ का महत्त्वाची ते पुढे येईलच.

३. रीळ, डबी, बाटली शोधा

हेच काम माझ्याकडून राहिलं होतं, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

आधी धातू बघा. लेबलवर रासायनिक चिन्हं असतात: कथलाचं एस-एन, शिशाचं पी-बी, कॅडमियमचं सी-डी, जस्ताचं झेड-एन. इलेक्ट्रॉनिक्समध्ये सर्रास वापरलं जाणारं जुनं सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७ असतं. पहिला आकडा बहुधा कथलाचा, दुसरा शिशाचा. बहुधा, कारण नळकामाच्या सोल्डरमध्ये शिसं जास्त असू शकतं, म्हणून नुसत्या आकड्यावर न जाता अक्षरं वाचा. ६३/३७ हे १८३ अंश सेल्सियसला वितळतं. बिनशिशाच्या सोल्डरमध्ये ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबं हे मिश्रण फार चालतं. ते साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं.

शिशाचं असेल तर तारेची जाडी आणि गेलेली लांबी यांचा अंदाज डॉक्टरांना द्या. १ मिलिमीटर जाडीच्या ६०/४० तारेचा १ सेंटिमीटरचा तुकडा सुमारे ६० मिलिग्रॅम भरतो, म्हणजे त्यात २४ मिलिग्रॅमच्या आसपास शिसं. आकडा छोटा वाटतो, पण रक्तातलं शिसं मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि एका मिलिग्रॅमात हजार मायक्रोग्रॅम असतात. सुदैवाने गिळलेल्या तुकड्यातलं सगळं शिसं विरघळत नाही. किती विरघळेल ते तुकडा पोटातल्या आम्लात किती वेळ पडून राहतो आणि त्याचा किती पृष्ठभाग उघडा आहे, यावर ठरतं. त्यामुळे त्याच वजनाचे दहा बारीक कण एका गोळीपेक्षा वाईट, आणि सोल्डर पेस्टमधली धातूची भुकटी त्याहून वाईट.

बिनशिशाचा तुकडा गेला असेल तर जीव थोडा भांड्यात पडायला हरकत नाही. धातुरूपातलं कथील शरीर फारच कमी शोषतं. पण "लेड-फ्री" हे शब्द फक्त धातूबद्दल बोलतात. फ्लक्सबद्दल ते एक अक्षरही सांगत नाहीत.

आता तो फ्लक्स. राळेचा असेल तर पोटात गेल्यावर फारसा त्रास देत नाही, त्याचा धूर मात्र दम्याला कारण होतो. पत्राकाम आणि नळकामात वापरतात त्यात झिंक क्लोराइड आणि नवसागर असतो. हा दाहक आहे, घसा आणि अन्ननलिका भाजतो. काही पातळ फ्लक्समध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, काहींत ग्लायकॉल. इथिलिन ग्लायकॉल हा सगळ्यात दगाबाज. आधी नुसती नशा चढल्यासारखी वाटते, मग माणूस सावरल्यासारखा दिसतो, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यावर नेमका उतारा आहे, पण तो लवकर सुरू झाला तरच उपयोगाचा.

राहिलं कॅडमियम. उच्च तापमानाला वितळणाऱ्या चांदीच्या काही जोडधातूंत, विशेषतः जुन्या साठ्यात, ते सापडतं. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं आणि गॅस-टॉर्चची ज्योत त्याच्या फार पुढे जाते. त्याचा धूर छातीत गेल्यावर लगेच फारसं काही जाणवत नाही. काही तासांनी ताप, थंडी, अंगदुखी, तोंडात धातूची चव. अगदी असंच जस्ताच्या धुरानेही होतं, आणि तो ताप एक-दोन दिवसांत आपोआप उतरतो. कॅडमियमचा उतरत नाही. पुढच्या एक ते तीन दिवसांत फुप्फुसात पाणी भरू लागतं. पहिल्या रात्री दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ती वेळ आणि ते लेबल. चांदीच्या जोडकामानंतर ताप आणि खोकला आला तर "हवा बदलली असेल" म्हणून झोपी जाऊ नका.

रीळ सापडलं नाही तर सोल्डरचा उरलेला तुकडा पिशवीत घालून घ्या. लेबल फाटलं असेल तर उत्पादनाच्या नावावरून सुरक्षा माहितीपत्रक शोधता येतं. त्यातला भाग ३ घटकांचा असतो आणि भाग ४ प्रथमोपचाराचा. तेवढे दोनच भाग वाचले तरी पुरे.

४. फोनवर काय सांगायचं, बरोबर काय न्यायचं

विष-माहिती केंद्राचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक आजच फोनमध्ये साठवा आणि कागदावर लिहून टेबलाजवळ चिकटवा. त्या वेळी शोधायला बोटं चालत नाहीत. फोनवर या क्रमाने बोला: वय, वजन, आत्ता कशी अवस्था आहे, पदार्थ कोणता (लेबल जसंच्या तसं वाचा), कुठून गेला, किती, किती वाजता, आणि तुम्ही आतापर्यंत काय केलंत. चुकून उलटी करवली असेल तर तेही सांगा. लाजेपोटी लपवलेली गोष्ट डॉक्टरांना चुकीच्या दिशेने नेते.

बरोबर नेण्यासाठी:

- रीळ, डबी, बाटली, किंवा त्यांचे फोटो
- तोंडातून निघालेला तुकडा
- उलटी झाली असेल तर तिचा फोटो
- चालू औषधांची यादी आणि कशाची ॲलर्जी आहे ती, विशेषतः शेंगदाण्याची (कारण पुढे)
- आधीच्या रक्ततपासण्यांचे कागद, मुलाचं लसीकरणाचं कार्ड
- वेळांची नोंद केलेला कागद

लक्षणं नाहीत म्हणून फोन टाळू नका. शिशाचा तुकडा गिळलेलं मूल त्या दिवशी हसत-खेळत असतं. आमचाही खेळत होता.

५. हॉस्पिटलमध्ये काय काय होतं

पोटाचा एक्स-रे बहुधा सगळ्यात आधी. शिसं त्यात पांढरं ठळक दिसतं. भाच्याच्या जठरात दोन ठिपके दिसले. त्यावरून तुकडा कुठे आहे, पुढे सरकतोय की अडून बसलाय ते कळतं. जठरातच राहिला तर दुर्बिणीने काढतात. आतड्यात उतरला असेल तर कधी कधी नळीतून विशिष्ट द्रावण सोडून सगळं आतडं धुऊन काढतात.

हे इतकं मनावर का घ्यायचं? २००६ साली अमेरिकेत मिनिआपोलिसमध्ये ४ वर्षांच्या एका मुलाने दागिन्यातलं छोटं पदक गिळलं होतं. ते जवळजवळ निव्वळ शिशाचं होतं. उलट्या सुरू झाल्या तेव्हा पोट बिघडलं असावं असा समज झाला. ते पदक जठरातच राहिलं. रक्तातलं शिसं डेसिलिटरमागे (म्हणजे १०० मिलिलिटरमागे) १८० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलं आणि मेंदूला सूज येऊन तो गेला. एक्स-रे हा किती साधा, किती पटकन होणारा तपास आहे, हे मला तेव्हापासून वाटत राहतं.

रक्ततपासणी शिरेतूनच घ्यायला सांगा. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं आणि आकडा खोटाच फुगतो. सोल्डर हाताळणाऱ्याच्या बोटांवर तर ते असतंच. उलटही होतं. गिळल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात शिसं अजून चढलेलं नसतं, त्यामुळे पहिला अहवाल चांगला आला की घरचे निर्धास्त होतात. दुसरा नमुना कधी घ्यायचा, हे विचारल्याशिवाय तिथून निघू नका. बाकी रक्तक्षय, मूत्रपिंडं, यकृत, फ्लोराइड असेल तर कॅल्शियम आणि हृदयाचा आलेख, धूर गेला असेल तर छातीचा एक्स-रे आणि ऑक्सिजन, असं ते बघतात. दाहक फ्लक्स गिळलेला असेल तर अन्ननलिका दुर्बिणीने पाहतात.

विषबाधा म्हटलं की अनेकांना कोळशाची भुकटी आठवते. सक्रिय कोळसा शिशासारख्या धातूंना, आम्लांना आणि ग्लायकॉलला नीट धरत नाही. तो का दिला नाही म्हणून डॉक्टरांशी वाद घालू नका, आणि घरी तर मुळीच देऊ नका.

रक्तातलं शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधांच्या उपचाराला किलेशन म्हणतात. ते प्रत्येकाला लागत नाही. मुलांमध्ये डेसिलिटरमागे ४५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा ते सुचवलं जातं. तोंडाने घ्यायचं औषध सक्सिमर, त्याचा एक फेरा १९ दिवसांचा, आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून मुलं तोंड फिरवतात. मेंदूवर परिणाम झालेला असेल तर डायमरकॅप्रॉल आणि त्यानंतर कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए सुईवाटे देतात. डायमरकॅप्रॉल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये लुइसाइट या युद्धवायूवरचा उतारा म्हणून तयार झालं. ते शेंगदाण्याच्या तेलात मिसळलेलं असतं, म्हणून मघाशी ॲलर्जीचं म्हटलं.

इथे एक जीवघेणा सापळा आहे. कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए आणि नुसतं डायसोडियम ईडीटीए ही दोन वेगळी औषधं आहेत. दुसरं रक्तातलं कॅल्शियम खेचून घेतं. नावांच्या गोंधळातून माणसं दगावली आहेत. "शरीरातले धातू बाहेर काढू" असं सांगणाऱ्या कुणाकडूनही, हॉस्पिटलबाहेर, रक्ताचा आकडा न पाहता, किलेशन घेऊ नका. मुलांना तर नाहीच नाही.

६. घरी आल्यावर

तुकडा बाहेर पडला का, यासाठी काही दिवस शौच तपासावं लागतं. किळस वाटते, पण करा. डॉक्टरांनी पुन्हा एक्स-रे सांगितला असेल तर तो चुकवू नका.

शिसं रक्तातून निम्मं व्हायला साधारण महिना लागतो. हाडात शिरलेलं मात्र कित्येक वर्षं, दशकंही राहतं आणि तिथून हळूहळू रक्तात झिरपतं. म्हणून किलेशननंतर उतरलेला आकडा काही आठवड्यांनी पुन्हा चढतो. औषध फसलं असं समजू नका. त्यासाठीच पुढची तपासणी असते. भाच्याचा आकडा पहिल्या दिवशी २ होता, चौथ्या दिवशी ९, महिन्याने ५. त्याला किलेशन लागलं नाही. पहिल्या दिवशीच्या २ वर समाधान मानलं असतं तर तो ९ आम्हाला कधी कळलाच नसता.

लोह आणि कॅल्शियम कमी पडलं की आतडं शिसं जास्त शोषतं, तेव्हा त्यांची कमतरता आहे का तेही विचारा. आणि घरातल्या बाकी मुलांची, गर्भवतीची तपासणी करून घ्या. एका मुलाच्या हाती लागलेलं दुसऱ्याच्याही लागलेलं असू शकतं.

७. अपघात झालाच नाही, तरी

नेहमी सोल्डरिंग करणाऱ्याला विषबाधा एका दिवसात होत नाही. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, झोप उडणं, सतत थकवा, तोंडात धातूची चव, पुढे मनगट लुळं पडणं. प्रत्येक तक्रारीला दुसरं कारण सहज सापडतं, म्हणून डॉक्टरांनाही सुचत नाही. तुम्ही स्वतः सांगा की मी शिशाचं सोल्डर वापरतो किंवा वापरते.

धुराबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३५० अंशांच्या आयर्नवरून वर जाणारा पांढरा धूर शिशाचा नसतो, तो राळेचा असतो. त्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नाही, त्याने दमा जडतो आणि एकदा जडला की थोड्या धुरानेही उसळतो. पण शिसं शरीरात जातं ते मुख्यतः बोटांवरून तोंडात. दोन्ही हात अडकलेले असताना तार दातात धरायची सवय अनेकांना असते. ती आजच सोडा. जुने सर्किट बोर्ड जाळून किंवा उघड्या ज्योतीवर धरून भाग सुटे करणं ही वेगळी गोष्ट. तिथे शिशाचा धूर आणि प्लॅस्टिकचे विषारी वायू दोन्ही निघतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी माहीत नाही. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपासून पुढे शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करावं, असं ती सांगते. अमेरिकेत लहान मुलांसाठी २०२१ पासून ३.५ हा आकडा इशारा म्हणून धरतात. मुलं गिळलेल्या शिशापैकी मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतात, आणि गर्भवतीच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत जातं. घरात यांपैकी कुणी असेल तर माझं स्पष्ट मत: शिशाचं सोल्डर घरात ठेवूच नका.

८. टेबल पुन्हा मांडताना

काम संपलं की साबणाने हात धुवा. अल्कोहोलच्या पुसण्याने शिसं जात नाही. टेबलावर खाणं-पिणं नको. कण कोरड्या झाडूने झाडू नका, ओल्या कागदाने टिपा. सोल्डर शोषणारा पंप उघडताना करडी धूळ उडते, तो पिशवीच्या आत धरून रिकामा करा. धूर बाहेर फेकणारा पंखा चेहऱ्यापासून दूर खेचणारा हवा, तोंडावर वारा मारणारा नको. कामाचे कपडे मुलाला उचलून घेण्याआधी बदला. कापलेले तुकडे झाकणाच्या डबीत, डबी कुलपात.

आणि नवं रीळ आणलं की ते उघडण्याआधी लेबलचा फोटो काढून घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर पाठवा, फ्लक्सच्या बाटलीचाही. तुम्ही घरी नसताना ताईला तो दाखवता यायला हवा.